दोन कुलपांची मोटार

माझ्या हातचं जे पहिलं लिखाण छापून आलं, ती एका मोटारीची जाहिरात होती. मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात, भाड्याच्या जागा आणि नोकऱ्या यांच्यामध्ये दाबून बसवलेल्या सात ओळी. मी तेव्हा अठरा वर्षांची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली, आणि आमच्या अमरावतीच्या घरात चार ओळी इंग्रजी बिनचूक लिहील असं दुसरं कुणी नव्हतं. बाबूजींनी मला बैठकीत बोलावलं, समोर कोरे कागद ठेवले आणि म्हणाले, "इंदे, असं लिही की वाचणाऱ्याले वाटलं पायजे, हे लोक इकून नाई राहिले, आपल्यावर उपकार करून राहिले." मी तीन दिवस त्या सात ओळींवर घालवले. 'दुर्मीळ', 'हातानं बांधलेली', 'राजघराण्यातली' असे शब्द कोशातून हुडकले आणि शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं की ही गाडी आजवर कधी वाईट कामासाठी बाहेर निघालेली नाही. इंग्रजीत ते फार ऐटीचं दिसत होतं. बाबूजींनी त्याचा अर्थ विचारला, मी सांगितला, आणि त्यांनी मान डोलावली.

आमची जिनिंग होती, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची गिरणी. तिच्या कंपाउंडातच बंगला होता. दिवाळीपासून होळीपर्यंत घरात दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नसे, इतका यंत्रांचा आवाज. कापसाचं तूस सगळीकडे, वरणावर, दुधाच्या सायीवर, माझ्या आणि ताईच्या वेण्यांत. माय भाकर थापताना मधूनच परातीवर फुंकर मारायची. सरकीचा तेलकट वास अंगाला इतका लागलेला असे की शाळेत मुली मला डोळे मिटून ओळखायच्या. पावसाळ्यात मात्र जिनिंग बंद. मग एकदम अशी शांतता पसरायची की घरातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत हे उगाच उघडं पडायचं.

कारण बाबूजी आणि काकाजी दोन वर्षांपासून बोलत नव्हते. आजोबा गेले आणि नवी यंत्रं घ्यायची की नाही यावरून दोघा सख्ख्या भावांत तोंडातोंडी झाली. आधी आवाज चढले, मग चुली वेगळ्या झाल्या, मग पंच बसवून वाटण्या झाल्या. बंगल्याचा उगवतीकडचा भाग आमचा, मावळतीकडचा काकाजींचा. जिनिंग सामाईक राहिली, तिचं ऑफिस सामाईक राहिलं, कारण टेलिफोन एकच होता. जमिनी वाटल्या, भांडी वाटली, आजोबांच्या शालीसुद्धा वाटल्या. राहिली ती मोटार. 'तू ठेव' असं बाबूजींना म्हणता आलं नाही, 'तुम्ही ठेवा' असं काकाजींना म्हणता आलं नाही. तेव्हा पंचांनी ठरवलं की ती विकून टाकावी आणि विकली जाईपर्यंत कुणीच बाहेर काढू नये. मोटारीच्या खोलीला दोन कुलपं लागली, एकाची चावी आमच्याकडे, दुसऱ्याची काकाजींकडे. दोघांनी मिळून उघडलं तरच दार उघडणार.

त्या मोटारीबद्दल सांगायला हवं, कारण तशी मोटार मी पुन्हा पाहिली नाही. विलायतेत त्या काळी मोठ्या गाड्यांचा कारखाना फक्त सांगाडा आणि इंजिन द्यायचा. वरचं शरीर गिऱ्हाईक आपल्या आवडीनं दुसऱ्या कारागिरांकडून बांधून घेई, पूर्वी बग्ग्या बांधणाऱ्या कारागिरांकडून. आमची गाडी एका लहानशा संस्थानच्या राणीसाहेबांसाठी तशी बांधलेली होती, त्यांच्या पडद्याच्या सोयीनं. मागच्या खिडक्यांना रेशमी पडदे, खाली ओढले की आतल्या माणसाला बाहेरचं दिसे, बाहेरच्याला आतलं नाही. ड्रायव्हर आणि मागची बैठक यांच्यामध्ये काच, आणि त्याला काही सांगायचं तर तोंडाशी धरून बोलायची पितळेची नळी. मागच्या बैठकीला फिकट राखाडी विलायती लोकर, हात फिरवला की मांजरीच्या पाठीसारखी. संस्थानचा पसारा मोडला तेव्हा आजोबांनी ती घेतली आणि गाडीबरोबर तिचा ड्रायव्हरही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो गाडी सोडून राहू शकत नव्हता म्हणून आला. ते रहीमचाचा. उंच, वाळलेले, पांढरी दाढी बारीक कातरलेली. जाहिरात छापून आली त्या दिवशी त्यांनी मला ती हिंदीत वाचून दाखवायला लावली. सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, "बिटिया, मेरा नहीं लिखा कुछ?" ते हसत होते. मलाही तेव्हा हसू आलं. आज येत नाही.

ताई, म्हणजे माझी मोठी बहीण कुसुम, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लहानपणी आम्ही दोघी रहीमचाचांची मनधरणी करून त्या गाडीत बसायचो आणि पडदे ओढून घ्यायचो. ती राणी व्हायची, मी दासी. ती नळीतून हुकूम सोडायची, "गाडी दर्यापूरले घ्या!" तिला दर्यापूर का सुचायचं कोण जाणे, तेव्हा तिचं तिकडे काहीच नव्हतं. पुढे लग्न होऊन ती खरंच त्या बाजूला गेली. दर्यापूरच्या पुढे चार मैलांवर काळ्या मातीतलं गाव, घरची शंभर एकर शेती, माणसं वाईट नव्हती. तिला आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण, ते माहेरी व्हायचं. पण सासूबाईंनी निरोप पाठवला की पोळ्याच्या बैलांची पूजा घरच्या सुनेच्या हातानं होऊ द्या, मग न्या. आम्ही म्हटलं, ठीक. पोळा झाला की तिसऱ्या दिवशी आणू. मायनं तिच्यासाठी खोली सारवून घेतली होती, डिंकाचे लाडू बांधायला काढले होते.

जाहिरातीला पत्रं थोडी आली. अकोल्याचा एक दलाल दोनदा येऊन गेला, पण त्याला गाडी मोडून तिचे भाग वेगवेगळे विकायचे होते. त्याला बाबूजींनी चहासुद्धा विचारला नाही. मग मुंबईच्या एका पारशी गृहस्थांचं पत्र आलं. जाड कागद, सुंदर अक्षर. गाडी कुणी बांधली, कधी बांधली, लाकूड कुठलं, सगळं त्यांना माहीत होतं, आमच्यापेक्षा जास्त. मी उत्तर लिहिलं. त्यात गाडी किती मैल चालली तो आकडा दिला आणि ती दोन वर्षांत जागची हललेली नाही असंही लिहिलं. पोळ्यानंतर पाचव्या दिवशी ते येणार असं ठरलं. त्यासाठी दोन्ही कुलपं एकदा उघडली. बाबूजी एका बाजूला उभे, काकाजी दुसऱ्या बाजूला, आणि मधे रहीमचाचा इंजिन सुरू करून बघत होते. दोन वर्षं उभी असलेली गाडी पहिल्याच खेपेला सुरू झाली. दोन्ही भावांचे चेहरे एकदमच उजळले, आणि एकमेकांचं लक्ष जाईल म्हणून एकदमच उतरले.

पोळ्याच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ट्रंक कॉल आला. ऑफिसातले दिवाणजी धोतर सावरत धावत आले. दर्यापूरच्या पोस्टातून ताईचे दीर बोलत होते. ताई पहाटे बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, पण वार पडली नव्हती. रक्त जात होतं. त्या दिवशी बैलांच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, म्हणून चौघांनी तिला बाजेवर घालून चिखलातून चार मैल दर्यापूरच्या दवाखान्यात आणलं होतं. तिथल्या डॉक्टरनं जमेल ते केलं आणि सांगितलं, माझ्या हातात आता काही नाही, अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात न्या, लवकर न्या, मोटारीतूनच न्या. दर्यापुरात मोटार नव्हती. सकाळची एसटी गेली होती, पुढची दुपारी होती, आणि एसटीत तिला घालायचं कसं?

माय एकच वाक्य बोलली. "आपली मोटार?"

बाबूजी म्हणाले, "तिचं नावच काढू नोको. मी करतो बंदोबस्त."

आणि ते खरोखर बंदोबस्ताला लागले. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्यांनी सायकलीवर एकाला राजकमल चौकात टॅक्सीसाठी पिटाळलं. टॅक्सीवाले पोळ्यासाठी आपापल्या गावी गेले होते. एका स्नेह्यांकडे जीप होती, तिथे स्वतः गेले. जीप तिवशाला गेली होती, दुपारपर्यंत येईल म्हणाले. जिनिंगचा ट्रक बडनेऱ्याला होता, त्याला निरोप धाडला. दर्यापूरला उलट ट्रंक कॉल लावला, तो लागता लागेना. ते अंगणातून आत येत, बाहेर जात, पुन्हा आत येत, आणि प्रत्येक खेपेला मोटारीच्या खोलीवरून जात. त्या दारावर दोन कुलपं होती, त्यातलं एक त्यांचं. दुसऱ्यासाठी त्यांना काकाजींच्या दारात उभं राहावं लागणार होतं. ते दार आमच्या ओट्यापासून तीस पावलांवर होतं. मी नंतर मोजली आहेत.

नगरपालिकेचा बाराचा भोंगा झाला. रहीमचाचा केव्हापासून मोटारीच्या खोलीसमोर उकिडवे बसले होते, गणवेशाचा कोट घालून. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बाबूजी जीपच्या चौकशीला पुन्हा गेले तेव्हा माय चुलीपुढून उठली. तिचे हात पुरणानं भरलेले होते, ते तिनं तसेच लुगड्याला पुसले. मला म्हणाली, "मी भाऊजीकडे जातो." आमच्याकडे बायाही 'जातो' म्हणतात. पुढे अकोल्याच्या शाळेत शिकवताना मी तसं म्हटलं की पुण्याच्या हेडबाई हसायच्या, आणि मला प्रत्येक वेळी मायचं ते 'जातो' ऐकू यायचं. दोन वर्षांत तिनं ते अंगण ओलांडलं नव्हतं. ती चालत गेली आणि तिनं कडी वाजवायच्या आत दार उघडलं. दारात काकाजी उभे. चावी त्यांच्या हातातच होती.

"भाऊजी, कुसुम..."

"वैनी, हे काय इचारायची गोष्ट हाये काय? चला, चला लवकर!"

ते धावतच आले आणि कुलूप काढलं. बाबूजींची चावी मायनं देवघरातून आणली. मला तेव्हा काकाजींबद्दल इतकं प्रेम वाटलं की त्यांच्या पाया पडावं. महिनाभरानं दिवाणजींनी सांगितलं तेव्हा समजलं की सकाळी दहा वाजता त्यांनी आमच्याकडे निरोप दिला आणि तिथून ते थेट काकाजींकडे गेले होते. सामाईक टेलिफोनचा निरोप दोन्ही घरी द्यायचा असा नियमच होता. म्हणजे काकाजीही ते दोन तास चावी हातात धरून दाराच्या आत उभे होते. थोरल्या भावानं येऊन मागावी म्हणून.

मी, माय आणि काकू निघालो. रहीमचाचांनी गाडी कशी चालवली ते मला शब्दांत सांगता येत नाही. एवढी मोठी, जडशीळ गाडी, रस्ता जागोजाग उखडलेला, पण आत पाण्याचा तांब्यासुद्धा हिंदकळत नव्हता. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाजेवर ताई होती. मी तिला आधी ओळखलं नाही. ओठ आणि गाल एकाच रंगाचे झाले होते, जुन्या मेणबत्तीसारखे. बाळ सासूबाईंच्या मांडीवर, कापसात गुंडाळलेलं, एका हातात मावेल एवढं. ताईला चौघांनी उचलून मागच्या बैठकीवर निजवलं, डोकं मायच्या मांडीवर. मी खाली तिच्या पायांशी बसले. काकू बाळाला घेऊन पुढे, रहीमचाचांच्या शेजारी. ताईनं डोळे उघडले. वरचं छत ओळखलं असावं.

"इकली नाई काय वं अजून?" ती म्हणाली.

"नाई," मी म्हटलं. "तुले न्यायची होती ना."

ती हसल्यासारखी झाली. मग म्हणाली, थंडी वाजून राहिली. मायनं आपला पदर तिच्यावर घातला, मी माझी ओढणी घातली. मी पडदे ओढू लागले तर म्हणाली, "राहू दे. मले पाहू दे." बाहेर कापसाची पराटी फुलावर आलेली होती, ज्वारी कमरेएवढी, दूरवर हिरवंगार. ती ते पाहत होती की नाही मला ठाऊक नाही. माझ्या हाताखालची राखाडी लोकर आधी गरम लागली, मग गार.

वलगावला आम्हांला पोळा आडवा आला. बैलांची रांग रस्त्यावर उतरली होती. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं, गळ्यात घुंगरमाळा, पुढे डफडी वाजत होती. तेवढी झगमगीत मोटार पाहून लोक हरखले. वरात आहे असं वाटून पोरं काचेला नाकं लावून आत बघू लागली. रहीमचाचांनी भोंगा वाजवला नाही. बैल बुजले असते आणि माणसं चिरडली असती. ते काच खाली करून हात जोडून सांगत होते, "भाऊ, बीमार है अंदर, जरा जगा दो," पण डफड्यात कुणाला ऐकू जात नव्हतं. आम्ही बैलांच्या चालीनं सरकत राहिलो. त्या गर्दीतच केव्हातरी ताईचा हात माझ्या हातात वेगळा लागला. मी मायकडे पाहिलं. तिला माझ्या आधीच समजलं होतं.

पेढी नदीचा पूल ओलांडला, रस्ता मोकळा झाला, आणि रहीमचाचांनी वेग वाढवला. तेव्हा मायनं ती पितळेची नळी हुकावरून काढली. तिनं ती कधी वापरली नव्हती. तोंडाशी धरून ती हळूच म्हणाली, "रहीमभाऊ, आता घाई नका करू."

गाडीचा वेग कमी झाला. त्या काचेतून मला रहीमचाचांची मान दिसत होती. ती घरी पोहोचेपर्यंत एकदाही हलली नाही.

ताईच्या सासरची माणसं संध्याकाळी ट्रकनं आली आणि तिला आणि बाळाला घेऊन गेली. मोटार अंगणातच उभी राहिली. तिला कुलूप लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबूजींनी मला बैठकीत बोलावलं. त्यांची दाढी वाढली होती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मुंबईले तार कर. ठरल्याप्रमाणं या म्हणा."

मी म्हटलं, "बाबूजी..."

"तार कर," ते म्हणाले. "मले ते अंगणात नोको."

मी तार लिहिली. इंग्रजीत दोनच शब्द लागले. मग रहीमचाचांनी गाडीची मागची बैठक खोलून काढली आणि आम्ही दोघांनी ती विहिरीशी धुतली. "ठंडा पानी लो बिटिया, गरम से दाग बैठ जाता है," ते म्हणाले. रिठे, मीठ, पुन्हा रिठे. ते घासत होते, मी पाणी ओतत होते. पाण्याचा रंग जाईपर्यंत दुपार झाली. माय खिडकीतून बघत होती. ती आम्हांला थांबवायला आली नाही, मदतीलाही आली नाही.

लग्न झालेल्या लेकीचं सुतक माहेरी तीन दिवस. ते सुटलं आणि पारशी गृहस्थ आले. पांढरा सूट, उंच काळी टोपी, वय साठीच्या आसपास, फार सभ्य माणूस. ते गाडीभोवती देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे फिरले. लाकडावर बोटं फिरवली, दाराचा आवाज कान लावून ऐकला, वाकून खाली बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं सांगत नाही, एवढी त्यांना ती आवडली. मग ते आत बसले आणि लगेच बाहेर आले. बैठक अजून दमट होती. त्यांनी खिशातून माझं पत्र काढलं, मैलांचा आकडा गाडीतल्या आकड्याशी ताडून बघितला आणि मला इंग्रजीत विचारलं, अगदी सौम्यपणे, की तुम्ही तर लिहिलं होतं गाडी हललेली नाही, आणि इथे साठ-पासष्ट मैल जास्त कसे दिसतात?

माझं इंग्रजी त्या वेळी कुठे गेलं देव जाणे. बाबूजींनी प्रश्न ओळखला. ते हिंदीत म्हणाले, "एक दिन निकाली थी. घर का काम था."

घर का काम था. काकाजी दुसऱ्या बाजूला उभे होते, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पारशी गृहस्थ एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिले. काहीतरी आहे एवढं त्यांना कळलं असावं, पण काय ते कळेना. त्यांनी रहीमचाचांना विचारलं, "चली कैसी? रास्ते में कुछ तकलीफ दी?"

रहीमचाचा कोटाची बटणं लावून ताठ उभे होते. म्हणाले, "नहीं हुजूर. गाडी ने देर नहीं की."

बाबूजी वळले आणि घरात गेले. जाताना उंबऱ्याला अडखळले. बाकीचं बोलणं काकाजींनी केलं. शेवटी त्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं आणि मी सांगितलं, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत, जसं येईल तसं. त्यांनी टोपी काढली. आपण गाडी घेतो म्हणाले, घासाघीस केली नाही, पण त्यानंतर ते तिच्याकडे पुन्हा बघायला गेले नाहीत. आठ दिवसांनी रहीमचाचा ती बडनेऱ्याला घेऊन गेले आणि मालगाडीच्या वाघिणीवर चढवून एसटीनं परत आले. मुंबईला या, तुम्हांला ठेवून घेतो, असं त्या गृहस्थांनी कळवलं होतं. ते गेले नाहीत. अचलपुरात मुलीकडे राहिले, आणि पुढे कुठल्याच गाडीच्या चाकाला हात लावला नाही असं ऐकलं.

दोन भावांचं बोलणं त्यानंतर सुरू झालं. हे लोकांना चांगलं वाटलं. दुःखानं घर जोडलं म्हणाले. पण मी त्यांना एकत्र बसलेलं बघत असे. दोघे समोरासमोर बसत, पावसापाण्याचं, कापसाच्या भावाचं बोलत, आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं टाळत. माय रोज दोन वेळा रांधायची, ताट वाढून ठेवायची आणि बाबूजी जेवायला बसले की उठून मागच्या अंगणात जायची. ती त्यांना कधी टाकून बोलली नाही. ती त्यांच्याशी बोललीच नाही. जे सांगायचं ते माझ्याकडे बघून सांगायची आणि ते ऐकायचे. मी अकोल्याला शिक्षिका होऊन गेले तेव्हा त्या दोघांमध्ये बोलायला कुणी उरलं नाही, आणि हे ठाऊक असूनही मी गेले.

बाळ जगलं. नलू. सासरच्यांनी लेक म्हणून फार ओढाताण केली नाही, वर्षभरानं ती आमच्याकडे आली आणि पुढे मी तिला अकोल्याला माझ्याजवळ नेलं. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं लोक काय काय सांगत, मी कुणाला खोडलं नाही. माय वारल्यावर दोन वर्षांनी बाबूजीही अकोल्याला आले, आजारी होऊन. त्यांना दम लागायचा, रात्रंदिवस उशीला टेकून बसलेले असायचे. एका दुपारी मी त्यांना भाताची पेज भरवत होते. ते मधेच थांबले आणि म्हणाले, "इंदे, मले वाटे केशव येईन." केशव म्हणजे काकाजी. "म्या म्हटलं, त्याले समजलं असंन, आता येईन, आता म्हणंन दादा, गाडी काहाडा. दर वेळी त्याच्या दारावरून गेलो ना, तर मुद्दाम पाय वाजवत गेलो." मग म्हणाले, "दोन तास पाय वाजवले वं म्या." मी पेजेची वाटी खाली ठेवली. त्यांचं तोंड पुसलं आणि उशी सारखी केली.

नलू आता स्वतः निवृत्त झाली आहे. केस माझ्यापेक्षा लवकर पांढरे झाले तिचे. मागच्या वर्षी डोळ्यांच्या ऑपरेशनानंतर मी तिच्याकडे होते, तेव्हा मी तिला हे सगळं पहिल्यांदा सलग सांगितलं. तिच्या आजोबांचं सांगितलं, काकाजींचं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल, रडेल. ती शांतपणे ऐकत राहिली. तिला सगळं कळलं, दोघा म्हाताऱ्यांची तिला कीवही आली. मग तिनं विचारलं, "आणि मावशी, त्या दोन तासांत तू कुठे होतीस?"

मी स्वयंपाकघरात होते. मी पुरणपोळ्या लाटत होते. बाहेर बाबूजींची चप्पल वाजत होती आणि मी एक पोळी लाटून मायकडे द्यायची, ती तव्यावर टाकायची, मी दुसरी घ्यायची. बैलांच्या नैवेद्याला कमी पडायला नको म्हणून. काकाजींचा माझ्यावर जीव होता. मी गेले असते आणि नुसता हात पुढे केला असता, तर त्यांनी चावी त्यात ठेवली असती. मला जाऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं. मी अठरा वर्षांची होते, मला जाहिराती लिहिता येत होत्या, तारा करता येत होत्या. थोरल्यांच्या भांडणात आपण पडायचं नसतं एवढंच मला शिकवलेलं होतं, आणि मी ते पाळलं.

नलूला मी हे असंच सांगितलं. ती उठली, माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायची वेळ झाली होती. तिनं माझी मान मागे केली, आधी उजव्या डोळ्यात घातला, मग डाव्या, आणि म्हणाली, "पाच मिनिटं मिटून ठेव." मी डोळे मिटून बसले. ती तिथेच होती की आत गेली होती, मला समजत नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता.